बटण्या पुलाला उतरत नाही

ऑल्डवीर, रविवार, ११ डिसेंबर १९८३

हिस्के,

पार्सल पोचलं. वोबेसाठी सणाला पाठवलेलं, त्याच्या नावाचं चॉकलेटचं पहिलं अक्षर टपालात मधोमध मोडलं होतं. तुझा भाऊ म्हणाला, "हिस्कानं दोन पाठवली." तू येत नाहीस याचाही तो असाच अर्थ लावतो. म्हणतो, हिस्का येत नाही कारण ती घरी बसून माझ्याबद्दल लिहिते. त्याच्याशी खोटं बोलायची वेळ अजून माझ्यावर आलेली नाही.

आज रविवार. विणायचं नाही, बटाटे सोलायचे नाहीत. पत्र लिहायला देवाची हरकत नसते असं पाद्रीबुवा म्हणतात. त्यांनी माझी पत्रं वाचलेली नाहीत.

पुस्तक वाचून झालं. आठवं ना हे? मी चार हिवाळे शाळेत गेले, उन्हाळ्यात गवत कापायला. त्यामुळे ओळीखाली बोट ठेवून वाचते. एक पान वाचायला मला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात तू म्हणे एक पान लिहून मोकळी होतेस. वाचताना ते जाणवतं.

तुझी पुस्तकं आमच्या गावात माझ्याआधी लोक विकत घेतात. लगेच फुगू नकोस. बटण्यानं कोंबडी निळी रंगवली तेव्हा शेजारच्या फॉपेची कोंबडी निळी झाली होती, विसरलीस? पुस्तकात बटण्या जे करतो ते वोबे करतो. करायचंच असतं असं त्याला वाटतं. म्हणून फॉपे नवं पुस्तक आलं की दुकानात उभ्या उभ्या वाचतो आणि घरी येऊन बायकोवर ओरडतो, "ह्या खेपेला शिडी आहे! शिडी आत घे!" ह्या खेपेला बटण्या चर्चच्या घंटेला मोजा घालतो. पाद्रीबुवांनी घंटाघराला कुलूप ठोकलं. वोबे हातात माझा लोकरी मोजा घेऊन संध्याकाळपर्यंत पायरीवर बसला आणि सर्दी घेऊन घरी आला. तू तिकडे मुलांना हसव. नाक इथं मी पुसते.

वर्तमानपत्रातला तुझा फोटोही पाहिला. फॉपेच्या बायकोनं मुद्दाम आणून दाखवला, म्हणाली, "यिकाकाकू, हे वाचा, बटण्या तिला ट्राममध्ये सुचला म्हणे!"

ट्राममध्ये.

कोटाचं पहिलं बटण दुसऱ्या काजात घालून, एक खांदा वर करून दिवसभर हिंडणारा माणूस ह्या घरात बत्तीस वर्षं आहे. आणि तुला तो ट्राममध्ये सुचला. ताकाला जाऊन भांडं लपवावं माणसानं, पण निदान गाय कुणाची ते तरी विसरू नये.

तुझ्या आईनं कॅनडाची बोट धरली तेव्हा इथं स्वयंपाकघरात उभी राहून सांगितलं होतं, "असलं पोर घेऊन मी तिकडे जाणार नाही." तोंडावर बोलली. बाई वाईट होती, पण सरळ होती. तू त्याला नको म्हणत नाहीस. हवा तेवढा घेतेस, आणि नाव तेवढं टाकून देतेस.

नऊ वर्षांची असताना संत निकोलसच्या सणाला तू फॉपेच्या नाकावर कविता केलीस. खाली सही नाही, कारण त्या कवितांना सही नसतेच. बिचाऱ्याला सगळ्यांसमोर स्वतःच्या नाकाची फजिती मोठ्यानं वाचावी लागली आणि वर हसावंही लागलं, कारण रीतच तशी. त्या दिवशी मी तुझा चेहरा पाहिला. मला कळलं, ह्या पोरीला कळलंय. आपलं नाव लपवून दुसऱ्याला चिमटा काढला की लोक टाळ्या वाजवतात. बाकीचं शिक्षण लेवार्डनच्या कॉलेजात झालं असेल. धंदा इथंच शिकलीस.

चॉकलेट पुढच्या वर्षी कापसात गुंडाळून पाठव.

आजी


ऑल्डवीर, रविवार, २१ ऑक्टोबर १९८४

हिस्के,

फोनवर माझं बोलून झालं नव्हतं. तू ठेवलास. फोन फॉपेचा, घर फॉपेचं, आणि त्याची बायको मधल्या दारात उभी राहून तेच ते कपाट पुसत होती. मला तिथं मोकळं बोलता येत नाही हे तुला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तिथंच फोन करतेस. आता वाच.

रेडिओवर ऐकलं की बटण्याचं हे शेवटचं पुस्तक. त्या बाईनं विचारलं, का हो? तू म्हणालीस, आता मोठ्या माणसांसाठी लिहायचंय. लिही. मोठ्यांना फसवणं सोपं असतं. मला त्याचं काही नाही. मला तू फोनवर सांगितलेल्या शेवटाचं आहे. बटण्या स्केट बांधून कालव्यावर निघतो, पुलाखालून सरळ जातो, मागं वळून बघत नाही, आणि जिथं हिवाळा राहतो त्या पांढऱ्या टोकाला पोचून तिथंच राहतो, कारण तिथं त्याला कुणी हसत नाही. बरोबर ना? म्हणजे मेला. तू साखर लावलीस एवढंच.

मी म्हणाले, "पुलाखालून कसा जातो? पुलाला उतरायचं असतं."

तू म्हणालीस, "अरे हो."

अरे हो! फ्रीसलंडमध्ये वाढलेली मुलगी तू. चालता येण्याआधी इथलं पोर शिकतं की पुलाखालचा बर्फ हा बर्फ नव्हे. तिथं वारा घुसतो, बदकं पाणी हलतं ठेवतात, वरून पांढरं आणि खाली काळं. पूल आला की बर्फावरून उतरून काठावर चढायचं, फळ्यांवरून स्केटसकट बदकासारखं चालायचं, पलीकडे पुन्हा उतरायचं. वोबेच्या कमरेला दोरी बांधून तूच त्याला शिकवलंस. प्रत्येक पुलाला ओरडायचीस, "उतर, वोबे!" ॲम्स्टरडॅमच्या ट्रामनं तेवढंही ठेवलं नाही डोक्यात.

बरं, विसरलीस. माणूस विसरतं. पण मी आठवण करून दिल्यावर तू काय म्हणालीस?

"उतरला तर शेवट मोडतो, आजी. गती जाते."

"मग जाऊ दे गती. वोबे जाईल त्यापेक्षा."

"आजी, ते पुस्तक आहे."

"हे त्याला सांग."

"लाखो मुलांना कळतं ते."

"माझ्याकडे लाखो नाहीत. एक आहे, तेहतीस वर्षांचं, आणि त्याला कळत नाही."

तर तू फोन ठेवलास.

मी घरी येऊन त्याला विचारलं. बटाट्याची सालं कोंबड्यांना टाकत होता. म्हणाले, "वोबे, पूल आला की काय करायचं?"

"उतरायचं."

"आणि बटण्या उतरला नाही तर?"

हात बादलीत तसाच ठेवून तो विचार करत बसला. मग म्हणाला, "मग नाही उतरायचं."

ऐकलंस? तू शिकवलेलं त्याच्या डोक्यात तीस वर्षं टिकलं, आणि तूच लिहिलेलं ते एका ओळीत पुसणार. शेवट बदल. दोन ओळींचं काम आहे: पूल आला, बटण्या उतरला. मग खुशाल पाठव त्याला हिवाळ्याच्या घरी. पण तिथून परत आण. जेवायच्या वेळेपर्यंत.

आजी


ऑल्डवीर, रविवार, १८ नोव्हेंबर १९८४

हिस्के,

आलीस, पाहिलंस, गेलीस. तुझ्या गाडीच्या चाकांनी कोबीची एक ओळ मोडली, ती वोबेनं काठ्या लावून उभी केली आहे. मेलेला कोबी उभा. तुला आवडेल असं चित्र आहे, लिहून टाक.

तुझ्यासमोर मी बिस्किटांचा डबा एका बिस्किटानंतर बंद केला, त्याचं तुला वाईट वाटलेलं दिसलं. ह्या गावात एका कॉफीला एकच बिस्किट मिळतं, ते सगळ्यांना. दुसरं घरच्यांसाठी असतं. ते मागायला तू तोंड उघडलं असतंस तर डबा उघडला असता.

तू आलीस तेव्हा मला वाटलं, शेवट बदलला हे सांगायला आली. तू म्हणालीस, पुस्तक छापून झालंय, संत निकोलसच्या सणाआधी दुकानात लागायला हवं, टीव्हीवरच्या बटण्याचा शेवटचा भागही तयार आहे. आणि मग तू शहाणपणा केलास. "मी त्याला समजावते, आजी. तू उगीच घाबरतेस. त्याला लहान मूल समजतेस म्हणून तो लहान राहिला."

हे मला. तुझे परकर धुतलेल्या आणि त्याचे कपडे अजून धुणाऱ्या मला.

बसलीस त्याच्यासमोर. हात हातात घेतलास. आवाज रेडिओवरचा. "वोबे, बटण्या खरा नाही. मी त्याला तयार केलाय. डोक्यातून."

तो हसला. "वेडी आहेस तू. बटण्या मी."

"नाही रे. बटण्या तू नाहीस."

हे किती स्वच्छ बोललीस गं! तुझ्या पुस्तकात एक वाक्य असं स्वच्छ नाही. वोबेनं तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं, कारण तू सुरू केलेलं तूच निस्तरावं असं मला वाटलं. तू घड्याळाकडे पाहिलंस.

तू गेल्यावर त्यानं कोटाची सगळी बटणं काढली. मग एकेक करून लावली. बरोबर लावली, हिस्के. जन्मात पहिल्यांदा. आरशासमोर उभा राहिला आणि मला विचारलं, "आता हा कोण?"

मी म्हणाले, "वोबे."

"तो कुठल्या पुस्तकात आहे?"

मी त्याची कॉलर सरळ केली. उत्तर तुला येत असेल तर कळव, कॉलेज तू केलंस. दुसऱ्या दिवशी बटणं पुन्हा चुकीची लागली आणि त्याच्या जिवात जीव आला. तू सांगितलेलं त्यानं टाकून दिलं. तू लिहिलेलं मात्र तो टाकणार नाही. बोललेलं आणि छापलेलं यातला फरक त्याला तुझ्याहून चांगला कळतो.

पुस्तक पाठवू नकोस. पाठवलंस तर ते चुलीत जाईल.

आजी


ऑल्डवीर, रविवार, १३ जानेवारी १९८५

हिस्के,

पुस्तक चुलीत गेलं. टीव्ही माझ्या चुलीत मावत नाही, आणि तो आहेही फॉपेकडे. दर बुधवारी दुपारी वोबे तिथं जाऊन बसतो. शेवटचा भाग लागला त्या बुधवारी फॉपे बर्फ तपासायला गेला होता, तो ह्या वर्षी गावाचा बर्फमास्तर आहे, कुठला बर्फ पक्का ते तोच सांगतो, आणि त्याच्या बायकोला कपाट पुसायचं होतं. वोबे घरी आला आणि म्हणाला, "बटण्या गेला. उतरला नाही."

कालवा गोठला होताच. मी त्याचे स्केट पिठाच्या डब्यात लपवले. गुरुवारी सकाळी मी गोठ्यात असताना त्यानं भिंतीवरचे तुझ्या आजोबांचे लाकडी स्केट काढले. चाळीस वर्षं शोभेला टांगलेले. चामडी पट्टे सडलेले, ते त्यानं सुतळीनं बांधले. गाठी मात्र पक्क्या, त्या मी शिकवलेल्या.

पुलाखाली फॉपेनं लाल फडकं लावलं होतं. फॉपे काठावर होता. त्यानं हाक मारली, वोबे थांबला नाही. फॉपे बासष्ट वर्षांचा, गुडघ्यात वात, तरी उडी टाकून त्यानं त्याचा कोट पकडला. पण कोटाची बटणं नेहमीसारखी लागलेली, अर्धी उघडी. कोट फॉपेच्या हातात आला आणि वोबे त्यातून सुटून फडक्याखालून पुढं गेला.

बर्फ फुटण्याचा आवाज मला गोठ्यात ऐकू आला. मला वाटलं, कुणीतरी दार आपटलं.

आता ऐक, तुझ्या पुस्तकाचा एवढा तरी उपयोग झाला. ह्या वेळच्या पुस्तकात शिडी नव्हती. म्हणून फॉपेची शिडी बाहेर होती. त्यानं ती बर्फावर आडवी टाकली, पोटावर सरपटत गेला आणि ह्या बैलाएवढ्या माणसाला केसांना धरून काढलं. फॉपे सांगतो, गळ्यापर्यंत काळ्या पाण्यात असताना तुझा भाऊ त्याला समजावत होता, "सोड मला, फॉपेकाका. बटण्या बुडत नाही."

तापानं दोन दिवस फणफणला. शुद्धीवर आल्यावर त्याला वाटाण्याचं घट्ट सूप भरवत होते. तीन चमचे झाल्यावर म्हणाला, "आजी, माझं चुकलं."

मला वाटलं, सुटलो.

"बटण्यानं कोट काढला नव्हता. आता मी कोट घट्ट घालून जाईन."

तेव्हा मी चमचा खाली ठेवला. ह्याला बांधून किती दिवस ठेवणार? बर्फ ह्या वर्षी महिनाभर राहील, पुढच्या वर्षी पुन्हा येईल. मी ब्याऐंशीची. तुझा बटण्या छापलेला. दोघांत कोण जास्त टिकेल? मग मला सुचलं. मला ट्राममध्ये बसावं लागलं नाही.

म्हणाले, "वोबे, हिस्का गेली."

"ॲम्स्टरडॅमला."

"नाही. मेली."

त्यानं सूप गिळलं. "कशानं?"

"थंडीनं. इथून गेली त्याच आठवड्यात. तू आजारी पडशील म्हणून सांगितलं नव्हतं."

"मग पुस्तक?"

"अर्धं राहिलं होतं. शेवट दुसऱ्याच माणसानं लिहिला."

बराच वेळ तो पांघरुणाच्या टोकाशी खेळत बसला. मला वाटलं, पकडणार मला. पण तो काय म्हणाला ऐक. "हिस्का पुलाला उतरते. तिनंच मला शिकवलं. ती असं लिहिणारच नाही."

"नाही लिहिणार."

"त्या माणसाला पूल माहीत नाही."

"नाही."

"मूर्ख आहे तो."

"ठार मूर्ख," मी म्हणाले. हे वाक्य मी मनापासून बोलले.

मग तो रडला, तुझ्यासाठी. एवढं कुणी तुझ्यासाठी रडेल असं मला वाटलं नव्हतं. रडून झाल्यावर सगळं सूप संपवलं आणि म्हणाला, "शेवट खोटा आहे. बटण्या उतरला." आणि झोपला.

तर तू मेलीस. तुला कळवायला हवं म्हणून लिहिलं.

आजी


ऑल्डवीर, रविवार, ३ फेब्रुवारी १९८५

हिस्के,

फॉपेच्या फोनवर ओरडू नकोस. त्याचं कपाट आता आरशासारखं चकाकतं.

"तुला काय अधिकार" म्हणालीस. तुला काय होता? तू बटण्याला मारलंस ते गतीसाठी. मी तुला मारलं ते त्याच्यासाठी. माझं कारण बरं आहे.

आणि असं समजू नकोस की मी एकटीच खोटं बोलते. सगळं गाव बोलतंय, आणि न अडखळता. अडखळेल कसं? दर डिसेंबरात सगळा देश मिळून पोरांना सांगतो की संत निकोलसचा पांढरा घोडा छपरावरून चालतो आणि बुटातलं गाजर खाऊन जातो. बेकरीवाला बोलतो, पोलीस बोलतो, मास्तर बोलतो. आमच्यासारखा तयार समाज शोधून सापडायचा नाही. इतर पोरांना आठव्या वर्षी खरं सांगतात. वोबेला कधीच सांगितलं नाही. त्यात हे आणखी एक.

तुझी कॉफी झाली, माणूस गेल्यावर गावाला पाजतात ती. वोबेनं हट्ट धरला, आजोबांची झाली होती तशी हवी. लोण्याचा केक होता. सगळ्यांनी येऊन त्याचा हात हातात घेतला. फॉपेच्या बायकोनं तुझ्याबद्दल चार बरे शब्द सांगितले. तू जिवंत असताना तिला ते कधी जमलं नव्हतं. पाद्रीबुवा दारातच अडून बसले. "यिकाबाई, मी खोटं बोलणार नाही."

मी म्हणाले, "मग बोलू नका. केक खा. तुमच्या नातवंडांच्या बुटातलं गाजर कोण काढतं ते मी विचारत नाही."

आत आले. दोन तुकडे खाल्ले, गप्प राहून.

संडासातल्या भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर आहे ना, त्यात मे महिन्यात तुझ्या नावापुढं मी फुली काढली. आजोबांच्या नावापुढं आहे तशी. वोबे म्हणाला, "हिची जरा मोठी काढ." मोठी काढली. आता रोज सकाळी तो तुला तिथं भेटतो. जिवंत होतीस तेव्हा वर्षातून एकदा भेटायचीस.

येऊ नकोस. मेलेली बहीण अंगणात गाडी लावताना त्याला दिसली तर त्याला दोनच गोष्टी कळतील. एक, आजी खोटं बोलते. दोन, शेवट हिस्कानंच लिहिला. पहिलीनं काही बिघडणार नाही. दुसरीनं तो कोट घट्ट लावून पुलाखाली जाईल.

आजी


ऑल्डवीर, रविवार, १४ डिसेंबर १९८६

हिस्के,

तुझी दोन्ही पत्रं आणि पुस्तक मिळालं. उत्तर उशिरा देते आहे. हात सुजतात, आणि तुझं वाचायलाही मला वेळ लागतो.

आधी वर्तमानपत्राचं. शेवटी सांगून टाकलंस म्हणे की बटण्या म्हणजे तुझा भाऊ. ट्राम कुठे गेली? लोक म्हणतात, रडलीस. बटण्याची बिस्किटं आणि उशांचे अभ्रे जोरात खपत होते तेव्हा रडली असतीस तर त्या रडण्याला काही चव होती. फॉपेनं दुकानातले सगळे अंक उचलले आणि कोंबड्यांखाली पसरले. तू टीव्हीवर आलीस तेव्हा मात्र त्याला वेळ मिळाला नाही. वोबेनं तुला पाहिलं. तो म्हणाला, "मेलेले गायकसुद्धा रेडिओवर गातात," आणि फॉपेच्या बायकोकडे दुसरं बिस्किट मागितलं. तिनं दिलं.

आता पुस्तकाचं. नवी आवृत्ती, नवा शेवट. मी एकटीनं आधी वाचलं, दोनदा. पूल येतो. बटण्या थांबतो. काठावर चढतो, फळ्यांवरून बदकासारखा चालतो, पलीकडे उतरतो. हिवाळ्याच्या घरी जातो, तिथं त्याला करमत नाही, आणि दिवे लागायच्या आत घरी येतो. आजी सूप वाढते. आजी पहिल्यांदाच आली तुझ्या पुस्तकात. नाक जरा लांब केलंस, चालेल.

चांगलं लिहिलंयस. गती कुठं मोडली ते मला दिसलं नाही.

मी मागितलं होतं ते हेच, अक्षरशः हेच. दोन वर्षांपूर्वी.

पण आता तू मेलेली आहेस, आणि मेलेली माणसं नव्या आवृत्त्या काढत नाहीत. जाळणार होते. मग वाटलं, सूप बरं जमलंय. वोबेला बसवलं आणि सांगितलं, "त्या दुसऱ्या माणसाला अक्कल आली. त्यानं शेवट सुधारलाय." बोट ठेवून सगळं वाचून दाखवलं. पुलापाशी त्यानं श्वास रोखला होता. बटण्या उतरला तेव्हा टेबलावर एवढ्या जोरात हात आपटला की कप फुटला. निळा, तुझा.

"शिकला!" म्हणाला.

मग पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर मान हलवत म्हणाला, "आता बरं लिहितो तो. हिस्कासारखं नाही."

तू विचारतेस, एकदा येऊ का. लांबून बघेन म्हणतेस. फॉपेच्या खिडकीतून. नको. तुला लांबून बघणं कधी जमलं नाही, तू बघतेस आणि घेऊन जातेस.

तू हेही विचारतेस की माझ्यानंतर त्याचं काय. फॉपेच्या मुलीनं मागच्या खोलीचा पडदा बदललाय. ती त्याला कोंबड्या देणार, अंडी त्यानं गोळा करायची. सगळं ठरलंय. तुला विचारलं नाही. मेलेल्यांना विचारत नाहीत. माझ्या अंत्यविधीला यायचं नाही. फुलं पाठवायची तर नाव न घालता पाठव, ते तुला जमतं.

एक काम मात्र आहे. वोबेला त्या दुसऱ्या माणसाला पत्र पाठवायचंय. तो सांगतो, मी लिहिते:

"दुसऱ्या माणसा, बटण्या पुलाला उतरला ते बरं झालं. तुला कुणी सांगितलं? माझ्या बहिणीला आधीपासून माहीत होतं. ती मेली. तिच्यावर मोठी फुली आहे. तू चुकलास म्हणून मी तुला मूर्ख म्हणालो, आता नाही म्हणत. पुढचं पुस्तक लिही. त्यात आजी असू दे. कोंबडी निळी करू नको, फॉपेकाका रागावतो. आमच्या घरी आलास तर दुसरं बिस्किट मिळणार नाही, ते घरच्यांना असतं. वोबे."

खालची सही त्यानं स्वतः केली आहे.

त्याला उत्तर हवंय. आतापासूनच टपालवाल्याला विचारतो. तेव्हा लिही. नव्या वर्षाच्या आत पोचू दे. खाली कुठल्यातरी बाप्याचं नाव घाल, साधंसं. आणि टाइप करून पाठव. तुझं अक्षर तो ओळखतो.

आजी